घाटाच्या राईडला सोबत्यांना बोलावताना: नाशिककरांसाठी सविस्तर तयारी

वणीच्या सप्तशृंगी गडाच्या घाटात मी पहिल्यांदा सायकलवाल्यांना बोलावलं तेव्हा २३ जण आले. निरोप दोन ओळींचा होता: रविवारी पहाटे निघू, घाट सोपा आहे, सगळ्यांनी या. पुढचे दहा-बारा जण वर पोहोचले, चहा झाला, फोटो झाले. अंगावरचा घाम सुकून थंडी वाजायला लागली तसे सगळे उतरायला लागले. अर्धा घाट उतरल्यावर एका वळणावर समोरून एक ताई सायकल हातात धरून चढत येताना दिसल्या. आम्ही खाली निघालोय हे पाहून त्यांनी काही न बोलता सायकल वळवली आणि आमच्याबरोबर उतरल्या. त्या पुन्हा कुठल्याच राईडला आल्या नाहीत.

आपल्याकडे पंगतीत शेवटच्या पानावरचा ताकभात संपेपर्यंत कोणी उठत नाही. घाटात आम्ही उठून गेलो होतो. त्या दिवसापासून माझ्या राईडचा एकच नियम आहे: शेवटचा माणूस माथ्यावर आला की राईड पोहोचली. खाली जे काही लिहिलंय ते हा नियम पाळता यावा म्हणून काय काय करावं लागतं, त्याबद्दल आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त काम बोलावण्याच्या आधीचं आणि बोलावतानाचं आहे.

घाटात ग्रुप का फुटतो

गंगापूर रोडला किंवा त्र्यंबक रोडला सकाळी वीस जण एकत्र छान चालतात. सपाटीवर ताशी २५ च्या पुढे गेलं की बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला चालणाऱ्याची ताकद वाचते, म्हणून कमी ताकदीचा माणूसही ग्रुपबरोबर राहतो. घाटात बहुतेकांचा वेग ताशी ८-१० वर येतो. तिथे वाऱ्याचा अडथळा नावालाच उरतो आणि सगळी झुंज वजन वर नेण्याची होते. आडोशाचा उपयोग संपतो आणि प्रत्येक जण एकटा पडतो.

हिशोब करून बघा. समजा चढ १० किलोमीटरचा आहे आणि त्यात ४५० मीटर उंची गाठायची आहे, म्हणजे सरासरी साडेचार टक्के चढ. रोज सायकल चालवणारा, सडपातळ माणूस तो ४० मिनिटांत चढेल. सहा महिन्यांपूर्वी सायकल घेतलेल्याला ८० मिनिटं लागतील, आणि मध्ये दोनदा थांबला तर दीड तास. हा पाऊण तासाचा फरक कितीही जोरात ओरडून प्रोत्साहन दिलं तरी भरून निघत नाही. तो गृहीत धरूनच राईड आखायची असते. मी त्या पहिल्या वेळी तो गृहीत धरला नव्हता.

घाट निवडताना: चढ आधी की शेवटी?

नाशिक घाटमाथ्यावर वसलेलं आहे, आणि याचा एक परिणाम नवख्या आयोजकाच्या लक्षात येत नाही. कोकणाकडे जाणारे आपले घाट नाशिकहून निघाल्यावर आधी उतरतात. इगतपुरीहून कसारा घाट, त्र्यंबकहून मोखाड्याकडे तोरंगण घाट. सकाळी ताजेतवाने असताना मजेत उतरायचं आणि ऊन चढल्यावर, पाय थकलेले असताना घरी यायला तोच घाट चढायचा. मध्येच माघार घ्यायची सोय नाही, कारण घर वरच आहे. म्हणून नव्या लोकांना या घाटांना पहिल्यांदा नेऊ नका. कसाऱ्याला तर मी नवे-जुने मिश्र ग्रुप नेतच नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रकांच्या बाजूने दमलेला माणूस डगमगत चढतोय, हे बघण्याची माझी तयारी नाही. पेठ रोडच्या सावळघाटालाही गुजरातकडची जड वाहनं असतात.

सप्तशृंगी गडाचा घाट याच्या उलट. नांदुरीहून साधारण १० किलोमीटर चढ, आणि माथ्यावर रस्ता संपतो. जो जिथे थकेल तिथून वळला की उतार त्याला आपोआप पायथ्याशी आणतो. पहिल्या घाटासाठी हा मोठा दिलासा आहे.

मात्र नाशिकहून गड सुमारे ६५ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन १३० होतात, आणि घाट चढण्याआधीच नवख्याचे पाय ५५ किलोमीटरने भरून येतात. त्यामुळे मी वणी हेच जमण्याचं ठिकाण ठेवतो. सायकली गाड्यांच्या कॅरिअरवर किंवा एखाद्या पिकअपमध्ये टाकून वणीपर्यंत न्यायच्या. तिथून नांदुरीपर्यंत मोकळे पाय फिरवायचे, मग घाट. परतून वणीला आलात की ५० किलोमीटरच्या आत राईड होते. ज्यांना नाशिकपासूनच यायचं आहे ते पहाटे लवकर निघून वणीला येऊन मिळतात. पिकअपचं भाडं वाटून घ्यायचं आणि ती रक्कम निरोपातच सांगायची.

घाट ठरला की आठवडाभर आधी स्वतः जाऊन या, सायकलने. गाडीने गेल्यावर खड्डे कळतात, चढ कळत नाही. पाणी कुठे मिळतं, रुंद कड कुठे आहे जिथे दहा सायकली रस्त्याबाहेर उभ्या राहतील, कुठल्या वळणावर खडी पसरली आहे, फोनची रेंज कुठे जाते, हे टिपून ठेवा. मी फोनमध्ये दर दोन किलोमीटरला एक खूण करून ठेवतो. त्या खुणा पुढे निरोपात कामाला येतात.

तारीख

रविवार म्हणून रविवार ठरवू नका, आधी पंचांग उघडा. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात गडावर लाखो भाविक येतात. त्या काळात घाटात खासगी वाहनांना बंदी असते, एसटी चालतात आणि पायी भाविकांची रीघ असते. कोजागरीला कावडी घेऊन लोक येतात. त्र्यंबकच्या बाजूला राईड असेल तर श्रावणी सोमवार आणि त्याच्या आदल्या दिवशीचा रविवार टाळा. तिसऱ्या श्रावण सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर असतो. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेआधी त्र्यंबक रोडला दिंड्या असतात. वारकऱ्यांच्या मागे घंटी वाजवत जाणं आपल्याला शोभत नाही. २०२७ च्या सिंहस्थामुळे शहराबाहेरच्या रस्त्यांवर कामं निघतात, तेव्हा पाहणी जुनी झाली असेल तर पुन्हा एकदा जाऊन या.

ऋतूचं म्हणाल तर नव्या लोकांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि निफाडच्या बाजूला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे पहाटे पाचला नव्या माणसाला उठवून अंधारात घाटाला लावू नका. उजाडल्यावर पायथा सोडला तरी ऊन सोसतं. पावसाळ्यातला घाट डोळ्यांचं पारणं फेडतो, पण धुकं, शेवाळ आणि दरडीचे दगड असतात. पावसाळी राईडला निदान एक घाट आधी चढून-उतरून आलेल्यांनाच बोलवा.

निरोप कसा लिहावा

माणसं थकव्याला घाबरून घरी राहत नाहीत, ती मागे पडण्याला घाबरतात. "मी तुमचा खोळंबा करीन" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. आपल्या नाशिकचा लौकिकही यात भर घालतो. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या टीमने रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. ही नावं ऐकून मोठे झालेल्या शहरात नव्या सायकलवाल्याला वाटतं, घाट त्यांच्यासारख्यांचे. त्याला सांगा, की जवळपास ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीतसुद्धा प्रत्येकामागे मदतनिसांची गाडी असते. मागे गाडी असणं कमीपणाचं नाही.

म्हणून निरोपात "सोपा घाट" असं कधीही लिहू नका. सोपा म्हटलात आणि माणूस धापा टाकायला लागला की त्याला वाटतं, खोट आपल्यातच आहे. आकडे द्या, ठरवू द्या त्याला. निरोपात उत्साह हवा, पण त्याहून जास्त उत्तरं हवीत. मी पाठवतो तो निरोप साधारण असा असतो:

"नमस्कार मंडळी. रविवारी सप्तशृंगी गडाचा घाट चढायला या. सकाळी ६.३० ला वणी बसस्थानकाजवळ जमू, ७ ला निघू. वणी ते नांदुरी रमतगमत, मग १० किलोमीटरचा घाट. घाटाला कोणाला पाऊण तास लागेल, कोणाला दीड तास. दोघांसाठी वेळ ठेवलेला आहे. सर्वात मागच्या सायकलच्याही मागे आपला एक जण असेल आणि त्याच्या मागे गाडी. शेवटचा माणूस वर आल्यावर सगळ्यांचा एकत्र फोटो, मग नाश्ता, मग उतरणं. गिअरची सायकल आणि हेल्मेट हवंच, त्यात सवलत नाही. सलग ३० किलोमीटर सायकल चालवली असेल तर तुम्ही ही राईड करू शकता. मध्येच वळावंसं वाटलं तर दर दोन किलोमीटरला थांबा आहे, तिथून वळा. हृदयाचा, रक्तदाबाचा, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून या आणि मला एकट्याला कळवून ठेवा. दुपारी १ पर्यंत वणीला परत. गुरुवारपर्यंत नाव, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर कळवा."

यातलं एक वाक्य जाणूनबुजून घातलेलं आहे: "दोघांसाठी वेळ ठेवलेला आहे." बहुतेक लोक मला फोन करून त्याच वाक्याबद्दल विचारतात. खरंच थांबणार ना? थांबणार.

"सर्वांनी यावे" म्हणणारा निरोप कोणालाच उद्देशून नसतो. ग्रुपवर टाकल्यावर सात-आठ जणांना स्वतंत्र फोन करा. बायकांना बोलावताना "ताई, आणखी कोण येतंय ते सांगतो" असं म्हणून येणाऱ्या दोघी-तिघींची नावं सांगा, त्यांची परवानगी घेऊन. एकट्या बाईला पहाटे अनोळखी पुरुषांच्या ग्रुपमध्ये या म्हणणं सोपं आहे, येणं सोपं नाही. साठीच्या पुढच्या काकांना फोन करताना वेगाचा विषय काढू नका. "काका, मागे राहणाऱ्या पोरांबरोबर चालायला तुमच्यासारखं सावकाश चढणारं माणूस हवंय" असं म्हणा. ते खरंही आहे. एक लय धरून चढणारे काका नव्या पोरांना जे शिकवतात ते मला जमत नाही.

आणि संख्या बांधा. पहिल्या घाटाच्या राईडला २० च्या वर नको. पुढच्या नावांना "पुढच्या महिन्यात नक्की" असं कळवा आणि पुढच्या महिन्यात पहिला फोन त्यांनाच करा. ५० च्या वर माणसं नेणार असाल तर त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

चार माणसं आधी पक्की करा

पुढे एक जण, लीड. त्याचं काम पहिला येणं नाही, सपाटीवर वेग ताशी १८-२० च्या वर जाऊ न देणं हे आहे. मागे एक जण, स्वीप. ग्रुपमधला सर्वात दमदार माणूस इथे ठेवा, पुढे नको. कारण त्याला दीड तास ताशी सात किलोमीटरने चालायचंय, पंक्चर काढायचंय, कोणाची चेन बसवायची आहे आणि तरीही त्याचा चेहरा हसरा हवा. स्वीपच्या तोंडून "चला, चला, लवकर" निघालं तर स्वीप बदला. तिसरा घाटाच्या मध्यावर थांबणारा, पाणी आणि मीठ-साखर घेऊन. चौथा गाडी चालवणारा. गाडीत दोन सायकली मावतील इतकी जागा, हवेचा मोठा पंप, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचे २० लिटरचे दोन जार. १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ हा आपत्कालीन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आदल्या रात्रीच घालून घ्या.

सायकल आणि गिअर

इथे थोडं खोलात जातो, कारण अर्धे लोक पायांमुळे थकतात असं त्यांना वाटतं आणि खरं कारण गिअर असतं.

बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास पाच मीटर पुढे जाते. घाटात ताशी ८ किलोमीटरला याचा अर्थ मिनिटाला २६-२७ फेरे. प्रत्येक फेरा म्हणजे जिना चढताना एका वेळी तीन पायऱ्या. गुडघे दुखणारच. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असले तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर, आणि त्याच वेगाला मिनिटाला ६० फेरे. पाय हलके फिरतात आणि श्वास लयीत राहतो. म्हणून नाव नोंदवताना प्रत्येकाला सायकलच्या मागच्या चाकाचा फोटो पाठवायला सांगा. मागचं सर्वात मोठं चक्र लहान वाटलं तर त्याला आधीच सांगता येतं, की दुकानात जाऊन मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसेल का विचारा, किंवा मित्राची सायकल आणा.

बाकीचं चटकन: ब्रेक पॅड झिजलेले नसावेत, टायरला चिरा नसाव्यात, एक जादा ट्यूब, टायर लिव्हर, लहान पंप, मागे लाल ब्लिंकर, आणि उतरताना घालायला वारा अडवणारं जाकीट. जाकीट लोक हमखास विसरतात. गाडीत पाच-सहा जुनी वर्तमानपत्रं ठेवा. टी-शर्टच्या आत छातीवर कागद सरकवला की वारा लागत नाही. जुनी युक्ती आहे, आजही चालते.

चढताना

पायथ्याला, नांदुरीत, सगळ्यांना पाच मिनिटं थांबवा. एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, दोन घोट पाणी. मग एवढंच सांगा: पहिले दोन किलोमीटर बोलता येईल इतक्याच वेगाने. ज्याला पूर्ण वाक्य बोलता येत नाही त्याने गिअर हलका करावा किंवा वेग कमी करावा. घाटात दमछाक होते ती बहुतेक वेळा पहिल्या दोन किलोमीटरात केलेल्या घाईची असते. गिअर चढ यायच्या आधी बदलायचा. पाय जोर लावत असताना बदलला तर चेन कडकडते आणि कधी कधी निसटते. डाव्या वळणावर रस्ता आतल्या बाजूला जास्त उभा असतो, म्हणून मागे बघून थोडं बाहेरून चढायचं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागायची वाट न पाहता. थांबायचं तर डांबर सोडून पूर्ण कडेला, आणि वळणावर कधीच नाही.

सायकल हातात धरून चालणं हे चढणंच आहे. हे नांदुरीत सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, म्हणजे वर कोणी कोणाला बोलणार नाही.

माथ्यावर

पुढे पोहोचलेल्यांना काम द्या. आम्ही पहिल्या पाच जणांना जाकीट घालून दोन किलोमीटर खाली परत पाठवतो, मागच्यांबरोबर पुन्हा चढायला. दमदार मंडळींची हौसही भागते आणि शेवटच्या माणसाभोवती शेवटच्या टप्प्यात चार-पाच सायकली असतात. हा बदल केला त्या वर्षापासून घाटातून परत फिरणारे फार कमी झाले.

गडावर माकडं फार आहेत. हँडलला केळ्यांची पिशवी लटकवून ठेवू नका. दर्शनाला जायचं असेल तर आधीच वेळ ठरवा. पायऱ्या चढायला दमलेल्या मांड्या कुरकुरतात, २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पण रांग असू शकते. निम्म्यांनी सायकली सांभाळायच्या, निम्म्यांनी जायचं.

उतरताना

मला सगळ्या राईडमध्ये भीती वाटते ती फक्त या अर्ध्या तासाची. चढताना माणूस थकतो, उतरताना पडतो. निघण्याआधी प्रत्येकाचे ब्रेक दाबून बघा, हेल्मेटचा पट्टा आवळलेला बघा. चार-चारच्या तुकड्या करा, दोन तुकड्यांत एक मिनिट अंतर. सवयीचा माणूस प्रत्येक तुकडीच्या पुढे, आणि त्याला कोणी ओलांडायचं नाही. दोन्ही हात ब्रेकवर, वजन थोडं मागे. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम किंवा डिस्क तापते आणि पकड कमी होते, तेव्हा दाबा, सोडा, दाबा, सोडा. आपली बाजू सोडून मध्यरेषेपलीकडे जायचं नाही, समोरून येणारी एसटी वळण घेताना अख्खा रस्ता व्यापते. गाडी सर्वात शेवटी उतरते. नांदुरीत पोहोचल्यावर डोकी मोजा, यादी हातात घेऊन, नावानिशी.

सोमवारचे फोन

रविवारी संध्याकाळी फोटो पडतात, शाबासकी होते. फोटोंमध्ये शेवटी आलेल्याचा फोटो आधी टाका. सोमवारी दोन प्रकारच्या लोकांना फोन करा: जे अर्ध्यातून वळले आणि ज्यांनी नाव देऊन आयत्या वेळी यायचं टाळलं. पहिल्यांना विचारा, कुठल्या किलोमीटरला काय झालं? गिअर, पाणी, झोप, की नुसता धीर सुटला? उत्तर वहीत लिहा, पुढच्या वेळी मधला थांबा तिथेच ठेवा. दुसऱ्यांना कारण विचारू नका, फक्त पुढची तारीख सांगा.

त्या ताईंना मी बऱ्याच उशिराने फोन केला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाल्या. दर वेळी निरोप त्यांनाही जातो. यंदाच्या यादीत त्यांच्या मुलीचं नाव आलंय, खाली रक्तगट आणि घरच्या माणसाच्या रकान्यात ताईंचा नंबर आहे.